पारबताबाईचा कुकारा

पारबताबाई चालता चालता एकदम थांबायची, मागे वळायची आणि विचारायची, "हायेस ना?" मागे कोणी असो वा नसो. विहिरीवर जाताना, दळण आणताना, सगळीकडे तिचं हेच. एका लग्नात ती वरातीच्या पुढे नाचत होती. नाचता नाचता थांबली, वळली आणि बँडवाल्याला म्हणाली, "हायेस ना रे?" त्या बिचाऱ्याने तोंडातला बाजा काढला आणि म्हणाला, "हाव माय, इथीच हावो." "मंग वाजव," असं म्हणून ती पुन्हा नाचायला लागली.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला वाटलं, बाईला काहीतरी विसरायचा रोग असेल. तेंदूपत्त्याच्या हंगामात तिच्याबरोबर जंगलात गेले तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ कळला.

आमचं गाव चिमूरच्या पुढे, जंगलाला अगदी टेकून आहे. उन्हाळ्यात गावातल्या बाया उजाडता उजाडता पहाडीवर जातात, विड्यांसाठी तेंदूची पानं तोडतात आणि गठ्ठे बांधून खाली आणतात. वाघाची भीती प्रत्येकीच्या मनात असते. पारबताबाईच्या तोंडी मात्र वाघाचं नाव क्वचितच यायचं. तिला भीती नाल्याची.

ज्याने आमचं जंगल पाहिलं नाही त्याला याचं हसू येईल. उन्हाळ्यात नाला कोरडा, मग त्याची कसली भीती? पण आमच्या पहाडीवर साग आहे. सागाचं पान सुपाएवढं. थंडी सरली की ते गळायला लागतं आणि वारा सगळी पानं लोटत नेऊन नाल्यात भरतो. माणूस उभा मावेल एवढा खोल नाला काठोकाठ भरून जातो. वरून पाहिलं तर सपाट जमीन. खाली मात्र गोटे आणि पावसाळ्यातल्या पाण्याने आतून पोखरलेले काठ. पाय पडला की माणूस आत जातो आणि वरची पानं पुन्हा सारखी होतात. शिवाय पानांत आवाज जिरतो. आत पडलेली बाई ओरडली तरी जवळच्या झाडापर्यंत ऐकू जात नाही.

"वाघ दिसते तरी वो," पारबताबाई म्हणायची. "नाला तं जमिनीचं सोंग घेऊन बसला राह्यते."

नाला ओळखायचा कसा, तेही तिनेच शिकवलं. "सगळं रान वाळलं अन् मधातच जांभूळ, करंज हिरवेगार दिसले, तं समजायचं, त्याच्या पायाशी नाला हाय. नाई तं उन्हाळ्यात त्याले पाणी कोण पाजून राह्यलं? तुहा सासरा?"

ती ठेंगणी, काळीसावळी, काटक होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला तंबाखूची पिशवी. रागावली की गोंडीत बोलायची. आम्हा बऱ्याच जणींना गोंडी येत नव्हती, त्यामुळे तिच्या शिव्या आम्हाला कधी लागल्या नाहीत.

पहाडीच्या पायथ्याशी एक मोहाचं झाड आहे. त्याच्याखाली ती रोज बायांच्या जोड्या लावायची. हे काम तिला कोणी दिलं नव्हतं आणि तिच्याकडून ते कोणी काढूनही घेतलं नव्हतं. जोडीतल्या दोघींनी एकमेकींच्या हाकेच्या टप्प्यात राहायचं. मधून मधून एकीने कुकारा द्यायचा, कूऽऽ असा लांब, आणि दुसरीने लगेच उलटून द्यायचा. पण गंमत पुढेच आहे. जोडी लावायची ती भांडलेल्या बायांची. काल ज्यांचं वाजलं, आज त्या दोघी बरोबर.

"मैतरणी कामाच्या नाई," ती म्हणायची. "मैतरणी गोष्टी करत बसतात अन् कोण कुठी गेली त्याचा पत्ता नाई राह्यत. भांडलेली बाई दुसरीवरची नजर काढतच नाई. हे कुठी चालली, हिले पानं जास्त भेटले काय, हे कोणाशी बोलून राह्यली, सगळं पाह्यते."

म्हणून बाया आपली भांडणं तिच्यापासून लपवायच्या. दोघी जणी मोहाखाली गळ्यात गळा घालून आल्या की पारबताबाई डोळे बारीक करायची. "येवढं पिरेम? मंग नक्कीच रात्री काही झालं." आणि त्याच दोघींची जोडी लागायची.

जोड्यांचं आणि 'हायेस ना'चं हे खूळ तिच्या डोक्यात आलं त्याला कारण होतं. ती आणि कौतिका नावाची तिची मैत्रीण लहानपणी पहाडीवर गेल्या होत्या. काहीतरी कुरबुर झाली. कौतिका दिसेना, तेव्हा हिला वाटलं, रुसून घरी गेली. कौतिका नाल्यात पडली होती. उन्हं उतरल्यावर एका गुराख्याने तिला काढलं. ती जगली, पण पाय अधू झाला. "आतालोक जिती हाय, चिमूरले," पारबताबाई सांगायची. "मी भेटाले गेली की पयले शिव्या देते, मंग चाय."

आता सांगायचं ते घसरणीचं. पहाडीच्या एका अंगाला उतार आहे आणि त्यावर सागाच्या पानांचा जाड थर. गठ्ठा डोक्यावर घेऊन उतरायला गेलं की पाय सटकतो. म्हणून बाया खताची रिकामी चुंगडी, म्हणजे पोतं, बुडाखाली घ्यायच्या, गठ्ठा मांडीवर आणि सूंऽऽ करून खाली. पानं दोन्ही बाजूंना उडायची, बांगड्या वाजायच्या, नातवंडं झालेल्या बाया किंचाळत जायच्या. पारबताबाई सगळ्यात आधी. खाली पोचली की केसांत पानं अडकलेली आणि चेहरा असा की जणू गावातली सगळी लग्नं आजच लागली.

त्यातही तिचा नियम होता. एकीने घसरायचं, जोडीदारणीने वर उभं राहून पाहायचं. खालचीचा कुकारा आला की मगच वरचीने निघायचं. नेहमीचाच मार्ग धरायचा. गठ्ठा घरंगळू नये म्हणून कमरेला बांधायचा, पण सुटगाठीने, म्हणजे एक टोक ओढलं की मोकळा. "गाठ अशी बांधा का मरताना बी सोडता आली पाह्यजे," ती म्हणायची, आणि ज्यांच्या गाठी पक्क्या असतील त्यांच्या हातावर फटका द्यायची.

माझी अडचण वेगळीच होती. मला कुकारा देता येत नव्हता. मोठ्याने बोलायचं म्हटलं की माझा घसाच बंद व्हायचा. नवऱ्याला जेवायला बोलवायचं तर मी दारात जाऊन उभी राहायची. पारबताबाईने पुष्कळ प्रयत्न केला. "मार वो एक कूऽऽ. जंगलात कोण पाह्यते तुले? माकडं?" मी मान खाली घालायची. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "तोंड नाई तं हात तरी वाजव." तेव्हापासून मी टाळी वाजवायची.

त्या वर्षी माझं आणि माझ्या जावेचं, विमलचं, बोलणं बंद होतं. कारण कोहळ्याचा वेल. बी मी लावलं होतं, वेल कुंपणावरून तिच्या छपरावर गेला आणि कोहळी तिकडेच लागली. विमल म्हणाली, छप्पर माझं, कोहळं माझं. मी काही बोलले नाही. न बोलण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. पण गावात अशी गोष्ट लपत नाही. मोहाखाली पारबताबाईने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे कोहळ्यावाली जोडी."

विमल कुकारा द्यायची तो असा, की जणू मला शिवी देते आहे. मी टाळी वाजवायची तीही तशीच.

हंगाम संपत आला होता. आम्ही घसरणीवर आलो. बाकीच्या बाया खाली पोचल्या होत्या, पारबताबाईही. वर आम्ही दोघीच. विमलने चुंगडी टाकली, माझ्याकडे न पाहता बसली आणि निघाली. पण नेहमीच्या मार्गाने नाही. मी जाणार त्याच मार्गावरून कशाला जायचं, असंच तिच्या मनात असणार. ती डावीकडे वळली. तिकडे खाली करंजाचं एक झाड हिरवंगार उभं होतं.

मी झाड पाहिलं. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. आणि विमल नाहीशी झाली. थोडी धूळ उडाली, पानं हलली, मग सगळं सपाट.

मी टाळी वाजवली. जवाब नाही. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? रागात आहे, मुद्दाम देत नसेल. आणि त्याच्या मागोमाग पारबताबाईचं बोलणं आठवलं. रोज मोहाखाली ती हे सांगायची, इतकं की आम्ही तिची नक्कल करायचो. "जवाब नाई आला तं रुसली असं समजायचं नाई. रुसली, हे घरी जाऊन समजायचं. जंगलात समजायचं, पडली."

मग माझ्या गळ्यातून जे निघालं त्याला कुकाराच म्हणावं लागेल. पोटातून आला, आणि एकदा निघाल्यावर थांबेना. खाली सगळ्या बायांनी माना वर केल्या.

"कुठी?" पारबताबाई खालून ओरडली.

"करंजाखाली! नजर काढली नाई मी!"

"काढू बी नको! तिथीच राह्य, हात कर तिकडं!"

खालून सगळी पानं सारखीच दिसतात. जागा फक्त मला माहीत होती. मी झाडासारखी उभी राहिले, हात लांब केला आणि ओरडत राहिले. डावीकडे! आणखी वर! खालच्या बायांत माझी सासूही होती, ती घाईघाईने थेट त्या जागेकडे धावली. जिच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती तिला मी ओरडले, "आत्या, मांगं सर! तू बी पडशीन!" ती जागच्या जागी थांबली. नाल्याला भिऊन की मला, कोण जाणे.

पारबताबाईने बायांच्या चुंगड्या पानांवर अंथरायला लावल्या. स्वतः त्यांवर पालथी झोपली, मागच्या दोघींनी तिचे पाय धरले. ती उताराच्या बाजूने पानं उपसत राहिली आणि गोंडीत नाल्याला काय काय बोलत राहिली. पानांतून आधी बांगड्या दिसल्या, मग हात. तो हात हलत होता.

विमल डोकं खाली होऊन पडली होती. कमरेचा गठ्ठा तिला आणखी आत दाबत होता. तिने गाठीचं टोक ओढलं, गठ्ठा सुटला, तेव्हा कुठे ती वळू शकली. हे सगळं तिने नंतर सांगितलं. बाहेर निघाल्यावर तिने आधी तोंडातला पाचोळा थुंकला, खोकली, रडली, मग वर माझ्याकडे पाहून म्हणाली, "किती वरडते वो हे बाई! मेली अस्ती तरी उठून बसली अस्ती मी!"

सगळ्या हसायला लागल्या. हसता हसता रडत होत्या. मी मात्र वर अजून तशीच हात लांब करून उभी होते. पारबताबाई स्वतः वर चढून आली आणि मला पुढ्यात घेऊन एकाच चुंगडीवर खाली आणलं. अर्ध्या उतारावर तिने कूऽऽ केलं. मीही केलं.

विमलचा पाय मुरगळला होता, तो दोन-चार दिवसांत बरा झाला. त्या संध्याकाळी तिने कोहळ्याची भाजी पाठवली. मी पुरणपोळी पाठवली. पाय बरा झाल्यावर मोहाखाली आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. पारबताबाईने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "झाल्या काय मैतरणी? माह्यी येवढी चांगली जोडी मोडली!" आणि आम्हाला वेगवेगळ्या बायांबरोबर लावून दिलं.

पुढे तिचे गुडघे गेले. मुलगी आणि जावई ऊर्जानगरला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहतात, ते तिला घेऊन गेले. तिथून कधीकधी फोन येतो. हॅलो नाही, नाव नाही, पयले कूऽऽ. तिथे तिचं मुलीच्या सासूशी चहातल्या साखरेवरून वाजलं. मी विचारलं, "मंग आता?" म्हणाली, "मंग काय, रोज सकाळी तिलेच घेऊन फिराले जातो. मी पडली तं पयले तिलेच दिसन."

ती गाव सोडून गेली त्या दिवशी अर्धं गाव बस थांब्यावर आलं होतं. ती खिडकीशी बसली, मांडीवर गठुडं. रडली नाही, कोणाकडे पाहिलंही नाही. बस निघाली. मला वाटलं, गेली. एवढ्यात खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं, तोंड आमच्याकडे, आणि कूऽऽ.

पानठेल्यावरची माणसं वळून पाहायला लागली. सरपंच उभे होते, माझे दीर होते, सासू होती. विमलने मला कोपराने ढोसलं. मी पदर सावरला आणि दिला. असा दिला की बस थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "कोणी राह्यलं काय वो मांगं?"

"नाई भाऊ," पारबताबाईचा आवाज आला. "चाल आता. जवाब आला."