लेकीचा बी ग्रेड

डॉक्टर व्हायचं तर बारावीनंतर, एवढंच आमच्या दोन्ही घरांना ठाऊक होतं. माझा भाऊ तसाच झाला, नवऱ्याची चुलतबहीणही तशीच. त्यामुळे ज्युनिअर कॉलेज संपल्यावर लेकीला मेडिकलच्या मुलाखतीतून नकार आला, तेव्हा इथे परदेशात, क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये सुतकी शांतता पसरली. ती मोडली लेकीनेच. इथे आधी पदवी घेऊन मग मेडिकलला जाता येतं, त्यासाठी वेगळं कॉलेज आहे, असं तिने सांगितलं आणि नवरा खुर्चीतून उठून उभाच राहिला. ही दुसरी संधी होती. तिसरी मिळेल असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.

नवरा हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत आहे. कुठलं जहाज कधी लागणार आणि कधी सुटणार हे ठरवण्यात त्याची निम्मी हयात गेली. त्याने लेकीची कॉलेजची चार वर्षं एक्सेलवर मांडली. बायोलॉजी हिरवी, केमिस्ट्री निळी, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी लालभडक. दर रविवारी पोहे झाले की आढावा. "ऑरगॅनिक केमिस्ट्री या सेमिस्टरला झाली नाही तर बायोकेमिस्ट्री अडकते, आणि ती अडकली की पुढचं सगळं मागे पडतं," तो बोट फिरवत सांगायचा. लेक पोह्यांतले शेंगदाणे वेचत "ओके बाबा" म्हणायची. त्या "ओके"वरून तिला स्वतःला काय हवंय हे काही केल्या कळायचं नाही, आणि मला त्याची मनातून भीती वाटायची.

मी पाया लेबारला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी हौसेने करते. तर त्या तक्त्यात मला दुसऱ्या वर्षात एक चौकोन रिकामा सापडला.

"तिथे स्टॅटिस्टिक्स," नवरा म्हणाला.

"जेनेटिक्स," मी म्हणाले.

"मलय," लेक म्हणाली.

दर शनिवारी ती आमच्या इमारतीखालच्या ज्येष्ठांच्या केंद्रात नर्सच्या हाताखाली ब्लड प्रेशर मोजायला जायची. "त्या मलय आज्या माझ्याशी इतकं बोलतात, आणि मी जस्ट स्माईल करते. सो एम्बॅरसिंग लाह, आई," ती इथल्या पोरांसारखं 'लाह' लावून म्हणाली.

"मग स्माईल कर अजून दोन वर्षं! भाषेत मार्क जातात. प्रवेशाच्या वेळी तुझं स्माईल बघणार आहे का कुणी?"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर त्या दिवसांत पाणीसुद्धा फुंकून प्यायले असते. तिला चार शब्द सुनावावेत म्हणून मी मिरजेला भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याची तिथे पंचवीसएक वर्षांची प्रॅक्टिस आहे. घरात त्याचा शब्द शेवटचा.

"दादा, समजाव हिला. डॉक्टर व्हायचंय आणि मलय शिकायला निघालीय."

दादाने चष्मा कपाळावर चढवला. "माझ्याकडे निम्मे पेशंट कर्नाटकातून येतात. मला कानडीचं ओ की ठो कळत नव्हतं. बाई दहा मिनिटं हात हलवून हलवून बोलायची आणि कंपाउंडर मला सांगायचा, 'पोट दुखतंय म्हणते.' उरलेली नऊ मिनिटं कुठे गेली, देव जाणे! पोरी, घे तू मलय."

"थँक यू, मामा!"

वकील म्हणून ज्याला बोलावलं तोच समोरच्या पक्षाला जाऊन मिळाला. मी फोन आपटणार होते, पण माझाच होता.

खरं सांगते, ते सेमिस्टर आमच्या घरातलं सगळ्यात मजेचं गेलं. लेक बटाटे मलयमध्ये मागायची, दार मलयमध्ये उघडायला सांगायची. मलयमध्ये भाषेला बहासा म्हणतात, गुरूला गुरूच, आणि नवऱ्याला सुआमी, म्हणजे आपला स्वामी, हे तिने जेवताना जाहीर केलं. त्यानंतर आमचे स्वामी दोन दिवस ताठ मानेने फिरले आणि चहाचा कप जागेवरच ठेवून उठले. तिसऱ्या दिवशी मी तो कप तसाच राहू दिला, तेव्हा ते जमिनीवर आले.

मग निकाल लागला. बाकी सगळीकडे ए, आणि मलयमध्ये बी.

तिच्या विद्यापीठात एक सोय होती. मोजक्या विषयांचा ग्रेड विद्यार्थ्याला झाकता येतो. मग गुणपत्रिकेवर नुसतं 'पास' दिसतं. सगळी मुलं हेच करतात. "झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणाले, "झाक आणि मोकळी हो."

"नाही झाकणार."

"अगं, पण का?"

"माझा आहे तो, आई."

एवढंच. बी कसा आला तेही सांगेना. मी भांडी आपटली. नवऱ्याने गोडीत सांगून पाहिलं, मग तक्त्यातला तो चौकोन काळा करून टाकला. झाकायची मुदत उलटून गेली आणि बी तिथेच राहिला, उघड्यावर, साऱ्या जगाला दिसेल असा.

या वर्षी, पदवी हाताशी आली तेव्हा, तिला मेडिकलच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. मी रजा काढली आणि जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, कॉफी घेऊन बसले. कॉफी गार झाली. लेक आली ती हसत, आणि माझ्यासमोर बसत म्हणाली, "त्यांनी बीचंच विचारलं."

मी गार कॉफीचा कप बाजूला सारला.

"सगळीकडे ए, मग इथे काय झालं, आणि झाकला का नाही? मी खरं ते सांगितलं. ओरल एक्झाममध्ये रोल-प्ले होता, आई. टीचर मासे विकणार, मी गिऱ्हाईक. भाव विचारायचा, घासाघीस करायची, मासे घ्यायचे, फिनिश. पण टीचर आधी म्हणाली, आज पाठ फार दुखतेय. ते नुसतं बोलायचं म्हणून होतं, पण मी विचारलं, कधीपासून? मग विचारलं, झोप लागते का, घरी पाणी कोण भरतं, मदतीला कुणी आहे का. जेवढं मलय येत होतं तेवढं सगळं संपवलं. आणि वेळच संपली. मासे घ्यायचे राहिले."

मी तोंडावर हात ठेवला. शेजारच्या टेबलावरचे काका वळून बघतील इतकं मला हसू येत होतं.

"इंटरव्ह्यू घेणारे पण हसले. मग मी म्हटलं, त्या दिवशी मला फर्स्ट टाइम कळलं, की मला डॉक्टर व्हायचंय. आई-बाबांना हवंय म्हणून नाही, मलाच. तर तो बी मी का झाकू?"

मी तिच्यासाठी फिशबॉल नूडल्स घेऊन आले. ती खात होती आणि मी बघत होते. इतकं सुख मला कधी झालं होतं ते आठवेना.

प्रवेश मिळाल्याची मेल आली तेव्हा आम्ही तिघंही घरी होतो. लेकीने ती मोठ्याने वाचली. नवरा म्हणाला, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचली. तो लॅपटॉप उघडायला गेला, बहुधा पुढची चार वर्षं मांडायला, आणि मी सोफ्यावर बसून चक्क हुंदके देऊन रडायला लागले. लेक माझ्यापुढे जमिनीवर बसली, तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि माझ्याकडे निरखून बघत विचारलं, "कुठे दुखतंय, आई?"

"कुठेच नाही गं," मी म्हणाले. "कुठेच नाही."