मांजरपाट आणि घोंगडी

फोन आला तेव्हा मी गुलमंडीतल्या आमच्या दुकानात एका बाईला परकराचं कापड कापून देत होते. रेणूचा, माझ्या भाचीचा फोन. "आत्या, बाबा..." एवढंच म्हणाली. नामा, माझा पाठचा भाऊ, काही महिने दवाखान्यात आत-बाहेर करत होता, तरी मला वाटायचं हा गडी उठून बसेल. कात्री कापडात अर्धीच राहिली. त्या गिऱ्हाईक बाईनंच मला स्टुलावर बसवलं, पाणी पाजलं. आणि त्या वेळी मला काय आठवावं, तर माळ्यावर पडलेलं नामाचं मांजरपाट! ते जाडंभरडं पांढरं कापड धुवायचं राहिलं होतं.

आम्ही धनगराची लेकरं. उन्हाळ्यात पैठणच्या धरणाचं पाणी मागं सरकलं की उघड्या गाळावर हिरवं उगवतं, त्याच्यामागं आबा मेंढरं घेऊन हिंडायचे आणि आम्ही आबांच्या मागं. नामा शिकला, इथं शहरात प्राध्यापक झाला. शिकवायचा काय, तर उपग्रहानं वरून काढलेले फोटो वाचायला. ध्रुवावरचा बर्फ किती वितळला, समुद्र किती चढला, हे त्याचं रोजचं बोलणं. मी चिडवायची, "अरे, आपल्या नळाला पाण्याचा पत्ता नाय आणि तुला कुणाच्या बर्फाची काळजी लागली?" तो हसायचा. "अक्का, ते पाणी आणि आपलं पाणी एकाच घरचं हाय. तिकडं बिघडलं की इकडचा पाऊस बिथरतो."

एकदा आबांनी त्याला पकडलं. "वरून बर्फाचं वजन कसं करता रं?" नामा मांडी घालून बसला. "आबा, दोन उपग्रह हायेत, एकामागं एक चालतात, आपल्या मेंढ्यांसारखे. खाली जड बर्फ आला की पुढचा आधी वढला जातो, दोघांतलं अंतर बदलतं. बर्फ वितळून गेला की वढ कमी. ते अंतर मोजत ऱ्हायचं." आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "आणि मोजणारा मधीच मेला तर?" नामाचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "लाखातलं इचारलं, आबा. म्हणून जुना थकायच्या आत नवा सोडायचा. समुद्राची उंची मोजणाऱ्यांचं तर तसंच करतात. जुना-नवा काही दिवस एकाच वाटेनं चालतात. नायतर समुद्र चढला का मोजणारा बदलला, हे कळायचं कसं?"

हे पोरांना वर्गात सांगून भागत नाही, असं त्याचं म्हणणं. एक दिवस दुकानात येऊन उभा. "अक्का, मांजरपाट दे. खळ्याएवढं." मी कपाळाला हात लावला, पण पन्ह्याला पन्हा जोडून शिवून दिलं. घोंगड्या त्यानं आबांच्या आणि भावकीतल्या गोळा केल्या. मग दर उन्हाळ्यात, पाणी मागं सरकेल तसं दोन-तीनदा, विद्यार्थ्यांना, मला आणि रेणूला घेऊन तो गाळावर जायचा. पांढरं मांजरपाट आणि काळ्या घोंगड्या शेजारी अंथरायच्या आणि पोरांना अनवाणी एक पाय इकडं, एक पाय तिकडं ठेवून उभं करायचं. घोंगडीवरचा पाय पोळला की पोरं उड्या मारायची. "कळलं? पांढरं ऊन परत पाठवतं, काळं पिऊन घेतं. बर्फ गेला की खालचा काळा समुद्र उघडा पडतो, आणखी तापतो, आणखी बर्फ खातो." उपग्रह वरून जायची वेळ झाली की हा पठ्ठ्या आभाळाकडं बघून सलाम ठोकायचा. वर काही दिसायचं नाही, तरी आम्हीही हात हलवायचो. पुढं फोटो यायचा, त्यात आमचं मांजरपाट म्हणजे एक पांढरा ठिपका.

त्या ठिपक्यावर त्याचा भारी जीव. आधीच्या फोटोंशेजारी नवा ठेवून बघायचा. कापड मळलं तर ठिपका मंद दिसणार आणि पोरं म्हणणार, उपग्रहाचीच नजर अधू झाली. म्हणून मांजरपाटावर पाय धुऊनच चढायचं, शेजारी बादली ठेवलेली. एकदा एक बडे पाहुणे बुटासकट चढले, तर हा ओरडला, "साहेब, बर्फावर चिखल!" आणि प्रत्येक वेळी कापड धुवायचं कुणी? अर्थात मी.

या उन्हाळ्यात डॉक्टर नको म्हणत होते, तरी तो आला. छत्रीखाली खुर्चीत बसून बोलत होता. वारं सुटलं, एक कोपरा उडाला, आणि खुर्चीतून उठायला नको असलेला माझा भाऊ गाळातून अनवाणी पळत आला तो थेट मांजरपाट तुडवत. कोपरा धरला आणि मग मागं वळून बघितलं. पांढऱ्यावर काळी पावलं उमटलेली. "घ्या," तो धापा टाकत म्हणाला, "मास्तरनंच बर्फ काळा केला!" हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना चितेगावला चहाला थांबलो. कप हातात धरून म्हणाला, "अक्का, धुवायचं इसरू नको. पुढं रेणू नेईल. खंड नको पडायला."

"मी काय तुझी परटीण हाय?"

"व्हय," म्हणाला... आणि सगळा चहा संपवला.

तो गेल्यावर मी मांजरपाट काढून उलगडलं. पावलं वाळून घट्ट बसली होती. उजव्या पायाची करंगळी लहानपणापासून बाहेर वळलेली, तीसुद्धा जशीच्या तशी. फोटो घरात ढीगभर आहेत, पण असा चालणारा नामा कुठल्याच फोटोत नाही. रेणू आली. पाऊस पडून पाणी चढायच्या आत एकदा पोरांना गाळावर न्यायचं होतं. मी सरळ सांगितलं, "मी हे धुणार नाय." ती माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "आत्या, आपण नवं शिवू." मी लगेच व्हय म्हणाले. पण गठ्ठ्यातून ताजं मांजरपाट काढताना माझेच हात थांबले. नवं एकट्यानं चालणार नव्हतं. पहिल्यांदा ते जुन्याच्या शेजारी अंथरायला हवं, आणि जुनं स्वच्छ हवं. आबांना त्यानंच सांगितलेलं.

मग मी धुतलं. एकेक पाऊल चोळताना मला रडू आवरेना, नामाला शिव्या घातल्या, पुन्हा साबण लावला. कडेचं एक पाऊल मात्र माझ्यानं धुववलं नाही. गाळावर दोन्ही कापडं शेजारी अंथरली तेव्हा मी तो कोपरा हळूच खाली दुमडला; तेवढं पांढरं कमी झालं. रेणूनं बघितलं. तिनं एक दगड आणून दुमडीवर ठेवला, घड्याळात बघितलं आणि आभाळाकडं तोंड करून बापासारखाच सलाम ठोकला.

फोटो आला. दोन ठिपके जोडीनं बसलेत, जुना नव्यापेक्षा जरासा मंद. रेणू पोरांना सांगते, कापड जुनं झालंय. मीही व्हय म्हणते. दुमडीतल्या पावलाचं नाव आम्ही दोघी काढत नाही.