मागं वळलं की नापास

सुभेदार पाठीमागं येऊन उभे राहायचे आणि अगदी हळू आवाजात आपलं नाव घ्यायचे. आपण वळून पाहिलं की म्हणायचे, "नापास. काढा ते. परत बसवा."

कळंबच्या बाहेर माळावर आमची रायफल रेंज आहे. रेंज म्हणजे पत्र्याची लांब शेड, समोर मातीचा उंच बांध आणि त्याच्यापुढं कागदी निशाणं. मी शाळेत खेळाची बाई. नेमबाजी करणाऱ्या चार मुलींना घेऊन दर रविवारी तिथं जायची. तिथला सगळा कारभार सुभेदारांच्या हाती. फौजेतून निवृत्त होऊन गावी परतलेला हा माणूस बंदुकीबद्दल कमी आणि कानांबद्दल जास्त बोलायचा. "आधी कान, मग नेम," हे त्यांचं पालुपद. तुमच्याही ओळखीत असा एकाच गोष्टीचं वेड घेतलेला कुणीतरी असेलच. त्याची पाठ फिरली की आपण त्याची नक्कल करतो. आम्हीही करायचो.

एकदा रानडुकरांसाठी परवाना काढलेले एक शेतकरी सरावाला आले. त्यांनी कानांवर आवाज अडवायचा इअरमफ चढवला तो थेट फेट्यावर. सुभेदार मागं जाऊन हळूच म्हणाले, "मामा." मामांना ऐकू गेलं, ते वळले.

"नापास. फेटा काढा."

"चारचौघांत बोडकं बसू व्हय?"

"डुकराला फेटा दिसत न्हाय मामा, पर फेट्यातनं आवाज आत जातो."

मामांनी खूप कुरकुर केली. शेवटी फेटा उतरवला, मांडीवर ठेवला आणि मगच बंदुकीला हात लावला.

माझ्या मुली स्कूटीवरून येताना स्कार्फ गुंडाळून यायच्या आणि त्याच्यावरच मफ घालायला बघायच्या. स्कार्फ सुटायचा, मग कानातले निघायचे. त्यासाठी सुभेदारांनी स्टीलची एक डबीच ठेवली होती. एक पोरगी म्हणाली, "सुभेदार, एवढंसं तर आहे कानातलं." तर म्हणे, "एवढीशीच फट लागती बाळा." माझ्या चष्म्याच्या जाड काड्यांवरही त्यांचा डोळा होता. बारीक काड्यांचा चष्मा करून आणला तेव्हाच माझी सुटका झाली. कॉलेजातला एक पोरगा मोबाईलचे इअरफोन घालून आला होता. त्याला त्यांनी शांतपणे सांगितलं, "हे गाणं आत सोडायचं यंत्र हाय. आपल्याला भायेरचं अडवायचंय."

इअर प्लगचं तर त्यांनी शास्त्रच केलं होतं. फोम चिमटीत बारीक वळायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. मुलींच्या बारीक कानांना लहान प्लग. पत्र्याखाली आवाज घुमतो म्हणून वरून मफ पण. कुणी भारीतला मफ आणून मिरवायला लागलं की म्हणायचे, "किमतीचं सोडा. बसतो का ते बघू."

एवढं कशासाठी, हे एकदा चहा पिताना कळलं. त्यांचा डावा कान पार गेला होता. तरुणपणी फायरिंगला कानात काही घालणं म्हणजे भित्रेपणा, असं पलटणीतल्या पोरांनीच ठरवलेलं. बंदूक उजव्या खांद्याला, त्यामुळं नळीच्या बाजूचा डावा कान आधी गेला. उजवा थोडाफार उरला होता. आणि घरात त्यांची बायको, आमच्या काकू. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून नुसतं कुजबुजल्यासारखं बोलता यायचं.

"तिचा आवाज एवढासाच उरलाय आन माझा कान एवढासाच," सुभेदार म्हणाले. "दोघांचं मिळून भागतंय कसंबसं."

डॉक्टरांनी त्यांना रेंज सोडायला सांगितलं होतं. मीही मागं लागले. "पोरींची राज्याची स्पर्धा हू द्या, मग सोडतो," म्हणायचे. इतरांना शिस्त लावणारा हा माणूस स्वतः मात्र चुकायचा. शेजारी फायरिंग चालू असताना एखादी मुलगी काही विचारायला आली की ते मफची उजवी बाजू उचलायचे. डाव्यानं ऐकू येत नव्हतं, दुसरं करणार काय? मुली ओरडायच्या, "नापास!" ते हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा उचलायचे.

एका रविवारी सराव लांबला. बंदुका रिकाम्या करून ठेवल्या होत्या आणि सुभेदार मफ गळ्यात अडकवून बाकावर बसले होते. उशीर झाला म्हणून काकू डबा घेऊन आल्या. त्यांच्या पाठीमागं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अवो."

आम्हाला पलीकडच्या बाकावर ऐकू आलं. सुभेदार निशाणांकडं बघत होते.

"अवो, ऐकलं का?"

मुलींची बडबड थांबली. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते दचकून वळले. त्यांनी काकूंकडं पाहिलं, मग आमच्या तोंडांकडं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"हाक मारलीस व्हय?"

काकूंनी मान हलवली आणि डबा उघडायला घेतला. मी उगाच चष्मा पुसत बसले.

सुभेदार निवांत जेवले. मग मफ खिळ्याला अडकवला आणि शेडची किल्ली माझ्या हातात दिली. "बाई, आता मागनं हाक तुम्ही मारायची. जरा हळू मारा. तुमचा आवाज लई मोठा हाय." मी काही बोलायच्या आत दोघं निघाले. काकू त्यांच्या उजव्या बाजूनं चालत होत्या.

ते परत रेंजवर आले नाहीत. मुली त्यांच्याशिवाय राज्याच्या स्पर्धेला गेल्या. तिथं मी प्रत्येकीच्या मागं उभी राहून, जमेल तितकं हळू, नाव घेतलं. एकही वळली नाही.

आल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. घरात टीव्ही बंद, पंखाही बंद. अंगणात सुभेदार आमच्याकडं पाठ करून ज्वारी निवडत बसले होते. आम्ही फाटकातच थांबलो. काकूंनी दारातून आम्हाला पाहिलं आणि तिथूनच म्हणाल्या, "अवो, पोरी आल्यात."

सुभेदार वळले.

"नापास!" मुली एकदम ओरडल्या, आणि काकू तोंडाला पदर लावून हसत राहिल्या.