त्रेपन्नांतली एक जागा

एमिल होर्न्याक शाळेची बस चालवायचा. जूनमध्ये शाळा सुटली की बस डेपोत उभी राहायची आणि एमिल मोकळा व्हायचा. बाकीचे ड्रायव्हर उन्हाळ्यापुरतं कुठे रंगकाम, कुठे गवत कापायचं काम धरत. एमिल मात्र जुलै संपत आला की घडीची खुर्ची, थंड चहाचा थर्मास आणि मार्लीनने, त्याच्या बायकोने, बांधून दिलेलं सँडविच घेऊन कॉलेजच्या टेकडीवर जाऊन बसायचा.

पिट्सबर्गचा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या खेळाचा, संघ उन्हाळ्याच्या सरावाला आमच्या सॉयर्स रन गावात येतो. खाली मैदानावर नव्वद जण घाम गाळतात, वर टेकडीच्या उतारावर अख्खं गाव त्यांना बघत बसतं. ऑगस्टच्या शेवटी त्या नव्वदांतले त्रेपन्न ठेवतात आणि उरलेल्यांना घरी पाठवतात. कोण उरणार हे आधीच ओळखायचं, हा आमच्याकडचा खेळ. प्रत्येकाने त्रेपन्न नावं कागदावर लिहायची आणि आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर लावायची. ज्याची सर्वांत जास्त नावं जुळतील त्याला खाटकाकडून एक अख्खं हॅम, डुकराची खारवलेली मांडी. ज्याची सर्वांत कमी, त्याने हॉलमधल्या शुक्रवारच्या गावजेवणाचे मासे तळून झाले की कढया घासायच्या.

एमिल यात फार हुशार होता असं नाही. त्याची चार-पाच नावं दरवर्षी चुकायची, आणि एका वर्षी तर कढया त्यानेच घासल्या. पण त्याच्याइतकं मनापासून हे कुणी करत नसे. आम्ही सगळे नावाजलेल्या खेळाडूंकडे बघत बसायचो. एमिल कडेला उभ्या असलेल्यांकडे बघायचा. कोण पडल्यावर उठायला वेळ लावतो, कोण दुसऱ्याला पाणी नेऊन देतो, कुणाला प्रशिक्षक ओरडायचेसुद्धा बंद झालेत. एखादं नाव खोडायची वेळ आली की पेन्सिल कागदावर टेकवून तो हळूच म्हणायचा, "बरंय रे बाबा. सांभाळून जा."

चक यानोसिक, आमच्या गावातला छपरं शाकारणारा, एकदा म्हणाला, "एमिल, अरे ते तिकडे खाली धावतायत. तू मयताला आल्यासारखं काय बोलतोयस?"

"निरोप तरी नीट द्यावा माणसाला," एमिल म्हणाला.

मी रेगिस. एमिलच्या शेजारचं घर माझं. आमच्या दोन व्हरांड्यांत जेमतेम एक पायवाट आहे, म्हणून पुढचं बरंचसं मी माझ्या खुर्चीत बसूनच पाहिलं आणि ऐकलं.

एमिल-मार्लीनचा एकुलता मुलगा डेरिक. तो फुटबॉल खेळायचा, पण लोक ज्याच्यासाठी तिकीट काढतात तसला नव्हे. किक मारायची वेळ आली की एक गडी वाकून उभा राहतो आणि स्वतःच्या दोन पायांमधून चेंडू सणसणीत मागे फेकतो. पंधरा यार्ड मागे उभ्या असलेल्याच्या बरोबर छातीवर. डेरिकचं काम तेवढंच. चांगलं केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, चुकलं तर सामना जातो. प्रत्येक संघ या कामाला एकच माणूस ठेवतो.

डेरिक शाळेत असल्यापासून ते चेंडू झेलले ते एमिलने. घरामागच्या आवारात, गॅरेजला पाठ लावून. पानगळीत, बर्फात, लोकरीचे हातमोजे घालून. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं त्यापायी कायमची वाकडी झाली होती. मार्लीन कुरकुर करायची, "ड्रायव्हरला बोटं लागतात, एमिल." तो म्हणायचा, "स्टिअरिंग गोल असतं, वाकड्या बोटांनी उलट छान धरता येतं."

कॉलेज संपल्यावर डेरिकला कुठल्याच संघाने निवडलं नाही. पण त्या उन्हाळ्यात पिट्सबर्गवाल्यांनी त्याला सरावापुरतं बोलावलं. म्हणजे आमच्याच गावात, आमच्याच टेकडीखाली. गावाला काय वाटलं असेल ते सांगायला नको. बेकरीवालीने केकवर त्याचा नंबर काढला. चर्चमध्ये फादरनी त्याचं नाव घेतलं. अडचण एवढीच होती की संघाकडे हे काम करणारा माणूस आधीपासून होता. ओवेन टिबेट्स, बरीच वर्षं मुरलेला, कधी न चुकलेला. जागा एक आणि माणसं दोन.

हॉलच्या भिंतीवर कागद लागायला लागले. चकने डेरिकचं नाव लिहिलं. मी लिहिलं. बंबवाल्यांच्या प्रमुखाने लिहिलं. ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही अशा बायकांनीसुद्धा कागद लावले, केवळ त्या एका नावासाठी. सर्वांत शेवटी एमिल आला, त्याने आपला कागद चिकटवला आणि कॉफीही न घेता निघून गेला.

चक वाचायला पुढे झाला. वाचता वाचता त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

"टिबेट्स," तो म्हणाला. "याने टिबेट्स लिहिलंय."

बंबवाल्यांच्या प्रमुखाने पुढे येऊन ती ओळ पुन्हा वाचली.

मार्लीनला ते दुकानात कुणाकडून तरी कळलं. संध्याकाळी ती व्हरांड्यात घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. एमिल पायरीवर.

"अख्ख्या गावाने लिहिलं," ती म्हणाली. "एक शब्द लिहायला तुझं काय जात होतं?"

"मला जे वाटतं ते लिहितो मी. दरवर्षी."

"दरवर्षी ती परक्यांची पोरं असतात."

"खोटं लिहिलं असतं तर त्याला कळलं असतं, मार्लीन."

"मग कळू द्यायचं. बाप खोटं बोलला म्हणून कुणी मेलंय का?" तिने शेंगांचं भांडं उचललं आणि आत गेली. जाळीचं दार तिने आपटलं नाही, अगदी हळू लावलं. ते आपटण्यापेक्षा वाईट होतं.

शुक्रवारी खेळाडूंना संध्याकाळची सुट्टी मिळाली. डेरिक हॉलमध्ये मासे खायला आला. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. कुणीतरी एमिलच्या कागदावर अग्निसुरक्षेचं पोस्टर लावून ठेवलं होतं, पण ते एका कोपऱ्यात सुटलं होतं. डेरिकने ते वर उचललं, वाचलं, परत नीट दाबून बसवलं. मासा अर्धा टाकून तो घरी आला.

मी व्हरांड्यातच होतो. ऊन अजून उतरायचं होतं.

"बाबा, मागे या जरा," तो म्हणाला. हातात चेंडू होता.

ते दोघं मागच्या आवारात गेले. मी माझ्या टोमॅटोंना पाणी घालायच्या निमित्ताने कुंपणाशी गेलो, हे मी लपवत नाही. डेरिक वाकला आणि फेकायला लागला. एकामागून एक. फट, फट, एमिलच्या तळव्यांचा तेवढा आवाज. बराच वेळ झाल्यावर घामाने निथळत तो उभा राहिला.

"सगळे छातीवर आले ना? मग?"

एमिलने चेंडू काखेत धरला. "तू दमलास की तो माझ्या उजव्या खांद्याकडे येतो."

"कधीपासून?"

"कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून."

"मला कसं दिसलं नाही? मी दर वेळी मागे वळून बघतो. तुमच्या छातीवरच असतो."

"मी सरकतो," एमिल म्हणाला. "तू सोडायच्या आधीच अर्धं पाऊल सरकून उभा राहतो. छातीवर बसला की तू खूश व्हायचास. मला तेवढंच बघायचं असायचं."

डेरिक खाली गवतावर बसला. त्याला राग आला होता, आणि यायलाच हवा होता. "गावात सगळ्यांनी मला लिहिलं. तुम्ही नाही लिहिलंत, ते एक वेळ चाललं असतं. पण हे आधी सांगायचं ना, बाबा."

"हो," एमिल म्हणाला. "सांगायला हवं होतं."

त्यापुढे त्याने स्वतःची बाजू मांडली नाही. थोड्या वेळाने डेरिक उठला. "आता हलू नका," तो म्हणाला आणि वाकला. पहिला चेंडू एमिलच्या खांद्यावर आदळला. दुसरा त्याच्या कानाजवळून जाऊन मार्लीनच्या वाफ्यात पडला आणि पिकायला आलेले टोमॅटो चिरडले. दोघांनी एकदमच स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. मार्लीन तिथे केव्हाची उभी होती.

"टोमॅटोंचं जाऊ दे," ती म्हणाली. "टाक परत."

त्याने टाकला. तिने मान तिरकी केली. "आणखी एक." मग ती ओले हात पुसत बाहेर आली आणि मुलाच्या बाजूला उभी राहिली. बाजूने कधी कुणी बघितलंच नव्हतं. बाप नेहमी मागे.

"त्याची टाच बघ, एमिल. उजवी. दमला की उचलली जाते."

एमिलने गुडघे टेकून बघितलं. खरंच उचलली जात होती, बोटभर. मग मार्लीनने स्वतःची जुनी चप्पल काढून त्या टाचेमागे उभी ठेवली. "ही पाडायची नाही," तिने सांगितलं. चप्पल पुष्कळदा पडली. तिन्हीसांजेपर्यंत ते तिघं तिथेच होते. जेवायला कोबी-नूडल्स होत्या आणि त्या गार झाल्या म्हणून त्या घरात पहिल्यांदाच कुणी कुणाला बोललं नाही.

त्यानंतर डेरिकचा चेंडू सुधारला. सराव सामन्यांत त्याचा एकही बाहेर गेला नाही. टेकडीवर लोक एमिलला म्हणायला लागले, कागद बदल, अजून वेळ आहे. तो नाही म्हणायचा. "तो चांगलाच झालाय. पण टिबेट्सही चांगला आहे, आणि त्याला प्रशिक्षक ओळखतात."

ऑगस्टच्या शेवटी त्रेपन्न जाहीर झाले. टिबेट्स राहिला. डेरिक गाडी घेऊन घरी आला तेव्हा मार्लीन दारातच होती. त्याने बॅग खाली ठेवली. "ओवेनने मिठी मारली, आई," तो म्हणाला. "म्हणाला, टाचेचं चांगलं झालं." मग तो वर जाऊन झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारीच उठला. शाळा नुकतीच सुरू झाली होती, पण एमिल त्या दिवशी बस घेऊन गेला नाही. आजारी असल्याचं कळवलं आणि खालच्या खोलीत नुसता बसून राहिला.

हॅम चकला मिळालं. त्या एका ओळीत चूक असूनही बाकीचं त्याचं जुळलं होतं. संध्याकाळी तो होर्न्याकांच्या पायरीवर अर्धं हॅम फडक्यात गुंडाळून घेऊन आला.

"अख्खं कुणाला संपतंय," तो म्हणाला. "आणि एमिल, पोराला सोमवारपासून माझ्याकडे पाठव. छपरावर हवा चांगली असते."

डेरिक पानगळभर चकबरोबर छपरं शाकारायला गेला. संध्याकाळी आवारात फट, फट चालूच होतं. एमिल आता जागचा हलत नसे. नोव्हेंबरात टेनेसीहून फोन आला. तिकडच्या संघाच्या फेकणाऱ्याचा कोपर दुखावला होता. डेरिक त्याच दिवशी विमानाने गेला आणि हंगाम संपेपर्यंत तिथे खेळला. पुढच्या वर्षी त्यांनी त्याला त्रेपन्नांत धरलं. त्या ऑगस्टमध्ये मी एमिलला विचारलं, "टेनेसीची यादी केलीस का?"

"छे," तो म्हणाला. "त्यांच्यातलं मला एकच नाव ठाऊक आहे."

पण मार्लीनने सांगितलं की जाहीर होण्याच्या आदल्या संध्याकाळी तो जेवला नव्हता.

डेरिक तीन हंगाम खेळला. मग खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो परत आला. आता तो शाळेत व्यायाम शिकवतो. एमिल निवृत्त झालाय, त्याला टेकडी चढवत नाही, म्हणून डेरिक गाडी वरपर्यंत नेतो. मार्लीनही जाते. ती कडेने बसते आणि सगळ्यांचे पाय बघते.

गेल्या उन्हाळ्यात सरावाच्या मध्यावरच एका मुलाला घरी पाठवलं. जॉर्जियाचा, दांडगा, बचावफळीतला. त्याची बस संध्याकाळची होती आणि तो बॅगेवर बसून होता. डेरिक त्याला गाडीत घालून घरी घेऊन आला. मार्लीनने कोबीच्या पानांत भरलेलं मटण वाढलं. मीही जेवायला होतो. मुलगा बराच वेळ खाली मान घालून जेवला. मग त्याने भिंतीवर टाचलेला एमिलचा नावांचा, खोडाखोडीचा कागद बघितला.

"यात मी होतो का, सर?"

आम्ही सगळे एमिलकडे बघायला लागलो.

"पहिला आठवडाभर होतास," एमिल म्हणाला. "मग खोडलं."

"गुडघा दिसला?"

"दिसला. उजवा वाचवत होतास."

मुलाने मान हलवली. त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट खांदे जरा सैल झाले. "सगळे म्हणत होते, छान चाललंय," तो म्हणाला. "मी आईला अजून सांगितलं नाहीये."

"आधी पोटभर जेव," मार्लीन म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक वाढलं. "मग बाहेर व्हरांड्यात बसून निवांत फोन कर."

तो जेवला, फोन घेऊन बाहेर गेला. जाळीच्या दारातून त्याचा पहिलाच शब्द, "आई", ऐकू आला तसे आम्ही चौघेही उठलो आणि उगाचच मोठ्यामोठ्याने ताटं आवरायला लागलो.