शाळेच्या वाटेवरचं जंगल

आमच्या तालुक्याच्या गावी, सावलीच्या बसस्टँडवर बाबांनी मला एकच गोष्ट विचारली होती. थंडीचं नाही, खाण्यापिण्याचं नाही, तिकडची माणसं कशी असतील हेही नाही. मृणाल तेव्हा माझ्या कडेवर होती, नवरा आधीच फिनलंडला पोचला होता आणि नागपूरची गाडी नेहमीसारखी उशिरा येणार होती. बाबा बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "तिथी घराले लागूनच जंगल आहे म्हनतेस. मंग वाघ?"

"नाई जी बाबा, तिथी वाघ नाईत."

"पक्कं ना?"

पक्कं म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. आता खुशाल जा म्हणाले. अस्वलाचं त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. आई मृणालची टोपी पुन्हा पुन्हा सारखी करत होती. गाडी आली तेव्हा तिने माझ्या हातातली पिशवी उचलून आत ठेवली आणि खाली उतरताना पदर तोंडाला लावला. एवढंच ते निघणं.

हे मी गावात राहिलेल्या माझ्या बायांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखं पोरंबाळं घेऊन लांब गेलेल्यांसाठीही. मुली वाढवण्यातलं सुख-दुःख सगळीकडे सारखंच, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपण सामानात काय काय भरून नेलं, हे मुली मोठ्या व्हायला लागल्यावरच कळतं.

तांपेरेजवळच्या आमच्या वसाहतीत घरं संपली की झाडं सुरू होतात. मुलींची शाळा त्या झाडांच्या पलीकडे. तिथे सात वर्षांचं मूल दप्तर पाठीला लावून एकटं शाळेत जातं. पालकसभेत बाईंनी हे सांगितलं तेव्हा बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि मी एकटीच खिडकीबाहेरच्या झाडांकडे बघत बसले. नवरा नागपूर शहरातला, त्याला जंगल म्हणजे डबे घेऊन सहलीला जायची जागा. तो म्हणाला, अगं इथे ससे आहेत ससे. मी हो म्हटलं आणि पुढचे कित्येक दिवस मृणालच्या मागे झाडाआडून चालत गेले. एकदा तिच्या मैत्रिणीने मला बघितलं आणि वर्गात जाऊन सांगितलं की मृणालची 'ऐती' झाडामागे लपते. ऐती म्हणजे आई. मृणाल घरी येऊन चिडून रडली.

उन्हाळ्यात सगळी वसाहत बादल्या घेऊन 'मुस्तिका' वेचायला जाते. निळ्या, आंबटगोड, तोंड जांभळं करणाऱ्या बेरी. झुडपं गुडघ्याएवढी, वाकल्याशिवाय हाताला काही लागत नाही. मुली तासन्‌तास वाकून वेचतात, गाणी म्हणतात. मी कधी शांतपणे वेचू शकले नाही. माझी धाकटी काकू मोहफुलं वेचायला गेली ती परत आली नाही. मी तेव्हा शाळेत होते. वेचायला वाकलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही, असं आमच्याकडे सांगतात. काकूची टोपली झाडाखाली तशीच भरलेली सापडली. पुढचं मी लिहीत नाही. दुसऱ्या वर्षी मोह गळायला लागला तेव्हा घरातल्या बाया पुन्हा टोपल्या घेऊन निघाल्या, हे मात्र लिहिते.

मुलींना हे सगळं माहीत होतं. मी काही लपवलं नव्हतं. पण मी तिथे गोठलेल्या तळ्याला घाबरायचे, शाळेच्या सहलीला घाबरायचे, चार वाजताच पडणाऱ्या अंधाराला घाबरायचे. त्यामुळे आईची भीती ही मुलींच्या लेखी आईच्या वरणासारखी झाली होती, घरात रोजचीच. मृणाल आता अकरा वर्षांची आहे, रेवा सातची. रेवा यंदा शाळेत जाऊ लागणार होती आणि दोघी मिळून त्या वाटेने जाणार, हे त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. मला विचारायचं काही कारणच नव्हतं.

शाळेला सुट्टी होती म्हणून जुलैत मी दोघींना घेऊन गावी गेले. नवऱ्याला रजा नव्हती. गावात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. आईबाबा, वहिनी, मजूर बाया सगळे सकाळपासून बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात. चिखलात ओळीने वाकून धानाचे कोवळे पऱ्हे लावायचे आणि एक माणूस काठी घेऊन बांधाच्या उंच पाळीवर उभं ठेवायचं, जंगलाकडे तोंड करून. पूर्वी असं कुणी उभं राहत नसे, हल्ली राहतात. रेवाला चिखल फार आवडला. मृणालला आवडल्या त्या सात्या. पावसाळ्यात वारुळाभोवती उगवणाऱ्या या अळंब्या वहिनीने आदल्या दिवशी रांधल्या होत्या. मृणाल फिनलंडमध्ये दरवर्षी अळंब्या गोळा करते, कुठली विषारी हे तिला शाळेत शिकवलंय. तिने ताट चाटून पुसून खाल्लं आणि या कुठे मिळतात ते विचारलं. बोडीच्या पलीकडे, ऐनाच्या झाडांत, असं वहिनीने सहज सांगितलं. बोडी म्हणजे आमच्या शेताला पाणी देणारं छोटं तळं. तिच्या पलीकडे जंगल.

मी लगेच म्हटलं, तिकडे जायचं नाही. एकटीने तर मुळीच नाही.

मृणालने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, कंटाळा होता. "आई, तू तिथेही हेच म्हणतेस."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया जेवायला बांधावर आल्या तेव्हा मृणाल नव्हती. रेवाला विचारलं तर तिने बोडीकडे बोट दाखवलं. ताई मघाशीच गेली, म्हणाली. पाळीवरचा माणूस तेवढ्यात पाणी प्यायला खाली उतरला होता. मी चप्पल न घालता धावले. आईने मागून माझा दंड धरला. साठी उलटलेल्या बाईचा हात एवढा घट्ट असू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

"एकटी नोको जाऊ," ती म्हणाली. "सारे मिळून जाऊ."

मला तिचा राग आला. लेक माझी, क्षण जात होते, आणि ही माणसं गोळा करत होती. वहिनीने जेवणाचा डबा रिकामा करून त्यावर काठी मारायला सुरुवात केली. बाबा पुढे झाले. आम्ही सगळे एकमेकांना लागून, डबे वाजवत, हाका मारत बोडीची पाळ ओलांडून निघालो. मी मृणालला हाक मारत होते पण डब्यांच्या आवाजात ती मलाच ऐकू येत नव्हती. जंगल पावसाने इतकं दाट झालं होतं की हातभर पुढचं दिसत नव्हतं. मला काकूची टोपली दिसत होती. देवाला काय काय बोलले ते आता आठवत नाही. परत जाते, पुन्हा कधी आणणार नाही, असलंच काहीतरी.

ती ऐनाच्या झाडांत वारुळापाशी गुडघ्यावर बसली होती. रेनकोट काढून त्यात सात्या भरत होती. डब्यांचा आवाज ऐकून तिने वर बघितलं आणि एवढी माणसं बघून हसली. तिला वाटलं, सगळेच सात्या वेचायला आलेत. मी तिच्यापाशी पोचले आणि रेनकोट किती घाण केलास म्हणून ओरडले. दुसरं काही सुचलंच नाही.

परतताना बोडीच्या काठच्या चिखलात बाबा थांबले. तिथून मृणालच्या बुटांचे ठसे गेले होते, तळव्याची नक्षी अगदी स्पष्ट. त्यातल्या एका ठशाची टाच मोडली होती आणि तिच्यावर पंजा उमटला होता. थाळीएवढा. ती पुढे गेल्यावर तो मागून गेला होता. बाबांनी पायाने चिखल सारून ते झाकायला घेतलं, पण मृणाल त्यांच्या शेजारीच उभी होती. तिने आपला बूट ठशाशेजारी ठेवून बघितला. कुणी काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. त्या संध्याकाळी सात्या कुणी रांधल्या नाहीत.

तांपेरेला परतलो, शाळा सुरू झाली आणि मृणालने मला म्हटलं, तू सोबत चल. मी गेले. हात धरून गेले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं जे समजावून थकले होते ते लेकीला एकदाचं कळलं होतं. सकाळ-दुपार मी नेत होते, आणत होते, नवरा कपाळाला हात लावत होता. मग एका दुपारी रेवा खाली अंगणात खेळायला निघाली आणि मृणालने तिला दारातच अडवलं. "तिकडे जायचं नाही. एकटीने तर मुळीच नाही." माझे शब्द, माझाच सूर. रेवा रडायला लागली तर मृणालने तिचा दंड धरला आणि खिडक्या लावून घेतल्या. तिचे ओठ पांढरे पडले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी काय मागत होते.

मग मी उलट बोलायला लागले. इथे काही नाही गं, जा. ती मान हलवायची. नवऱ्याने वाटेवर तिच्यासोबत फिरून सशांची बिळं दाखवली. शाळेतल्या बाई समंजस, त्यांनी तिला वेळ द्या म्हटलं. पण दिवस लहान होत चालले होते. आता गेली नाही तर अंधाराच्या महिन्यांत ती कशी जाणार, ही काळजी मला खात होती. आणि भीती घालवायला मी कोण सांगणारी? माझ्या तोंडून ते तिला खरं वाटत नव्हतं, आणि त्यात तिची काय चूक?

रविवारी गावी व्हिडिओ कॉल लावतो. मी स्वयंपाकघरात होते, मृणाल आजीशी बोलत होती. तिने अचानक विचारलं, "आजी, तुला भीती नाही वाटत?"

"लागते ना बाई," आई म्हणाली. "रोज लागते."

"मग तू शेतात कशी जातेस?"

"चार जनी मिळून जातो. धान तं लावा लागते ना." आईने फोन जवळ घेतला. "तू काऊन भेऊन राह्यली? तुह्या शाळेच्या वाटेवर वाघ आहे का?"

"नाही."

"मंग हे कोनाच्या वाट्याचं भेव घेऊन बसली तू? ते आमचं आहे. आमच्यापाशी राहू दे. तू उद्या शाळेत जाय."

मी नळ बंद केला नाही, कारण मला रडू आलं होतं आणि ते मुलींना ऐकू जायला नको होतं. मी गावाहून काही आणलं नाही असंच मला वाटायचं. ना शेताचा तुकडा, ना भांडंकुंडं. हे एवढं आणलं होतं आणि लेकीच्या दप्तरात भरून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मृणालने रेवाचा हात धरला आणि दोघी निघाल्या. कोपऱ्यावर मृणाल थांबली. मला वाटलं, परत येणार. मी दारातून आत गेले, कारण तिथे उभी राहिले असते तर मागोमाग धावले असते. कणीक मळायला घेतली. पाणी जास्त झालं, पीठ घातलं, मग पीठ जास्त झालं. फोन शेजारी ठेवला होता आणि तो गप्प होता. शाळा भरायची वेळ झाली, टळली. पायात बूट चढवले तेव्हा मेसेज वाजला. मृणालने एकच शब्द लिहिला होता, पोचलो.

तुमचं घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी आधी सावलीकडचं गाव सांगायचे, मग अडखळून तांपेरे. कुठलं खरं, याचा हिशेब मला कधी जमला नाही. आता वाटतं, आपण पोचलो की नाही याची जिथे कुणी वाट बघतं, ते घर. मग ते दोन असोत की चार.

बूट काढायच्या आत आईचा फोन आला. तिकडे ऊन चढलं असणार, मागे बायांचा आवाज येत होता. निंदणाचे दिवस, ती बांधीतूनच बोलत होती.

"पोचली का व पोट्टी?"

"पोचली."

"पोचली म्हनते," तिने फोन बाजूला करून सगळ्यांना सांगितलं, आणि त्या बायांतून कुणीतरी मोठ्याने हसलं. जंगलाला लागून असलेल्या त्या बांधीत, कमरेएवढ्या धानात, त्या सगळ्या माझ्या लेकीची वाट बघत होत्या.

"आई," मी म्हटलं, "सांजेले घरी पोचल्यावर मले फोन करजो."

ती म्हणाली, "करतो ना बाई."