परण्यात मेलेला राजा

आमच्या मालकांनी बोलत्या सिनेमाच्या तंबूत पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतली होती. शपथेच्या बाबतीत त्यांचं असं, की सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. तसं कारणही होतं. सिनेमा मुका होता तेव्हा पडद्याखाली बसून क्लॅरनेट वाजवायचं काम त्यांचं. वर घोडा पळाला की हे घोडा वाजवणार, वर राणी रुसली की हे रुसवा वाजवणार. समोर लिहिलेलं काही नाही, डोळे पडद्यावर आणि बोटं भोकांवर. मग पडदाच बोलायला लागला आणि तंबूवाल्यानं सांगून टाकलं, "उस्ताद, अब तुमारा काम नै." तेव्हापासून तंबू दिसला की यांचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं व्हायचं.

मी लग्न होऊन मुरुमला आले ती त्यानंतर. माझ्या वाट्याला आला तो लग्नात वाजवणारा बँडवाला. हाताखाली पाच माणसं, ताशा, ढोल आणि दोन पोचे पडलेले बिगुल. पण तोरा असा, की जणू निजामाच्या दरबारातच वाजवतात.

निजामाचं राज्य जायला अजून दोन-तीन वर्षं असतील. लग्नसराईच्या तोंडाला गावाबाहेर तंबू लागला आणि त्यात राजा-राणीचा, तलवारबाजीचा सिनेमा आला. सेनापती दगा करून राजाला मारतो, राणी पोराला घेऊन पळते, पोर रानात वाढतं आणि मोठं होऊन किल्ला घेतं. गोष्ट एवढीच, पण गाव येडं झालं. पोरं तुराट्या घेऊन गल्लीत लढायला लागली. गाणी होतीच, पण खरं याड लावलं ते मधल्या वाजवण्यानं. किती माणसं वाजवत होती देव जाणे. घोडा दौडला की सगळी एकदम उठायची आणि बाकावरची माणसंही उठायची.

मी शेजारणींबरोबर तो दोनदा पाहिला. बायकांना पडदा लावून वेगळी जागा असायची. घरी येऊन अवाक्षर काढलं नाही. यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कशाला उगीच चांगल्या जेवणात खडा?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक अडतवाले अप्पा होते. गळ्यात लिंग, घरात कानडी, दुकानात मराठी, कचेरीत उर्दू. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. अप्पा स्वतः आमच्या दारात आले नि म्हणाले, "उस्ताद, परण्याला त्या सिनेमातलं वाजवणं पायजे. जमतंय का सांगा. न्हायतर सोलापूरचा बँड येतोय."

नवरदेव घोड्यावर बसून देवाला निघतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. अप्पांच्या घरचा परण्या म्हणजे सगळा गाव रस्त्यावर येणार. सोलापूरचा बँड एकदा का मुरुमात शिरला, तर पुढची सगळी लग्नं त्याचीच. मग यांनी क्लॅरनेट खुंटीला टांगायचं आणि अप्पांच्याच अडतीवर पोती उचलायला जायचं. हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं.

"जमतंय की," हे म्हणाले.

आता तंबूत जायचं की नाही? बाई गं, शपथ! मग या शहाण्या माणसानं काय करावं? रोज दिवेलागणीला जाऊन कनातीच्या बाहेर, पडद्याच्या मागच्या अंगाला बसायचं आणि कान लावून ऐकायचं. ऐकलेलं सकाळी मळ्यातल्या विहिरीवर जाऊन घोटायचं. लढाईचं वाजवणं त्यांना पुरतं गावेना. त्यात तलवारींचा खणखणाट आणि लोकांच्या शिट्ट्या. पण एक चाल त्यांना स्वच्छ ऐकू आली. तिच्यात कुणी बोलत नव्हतं, की तंबूतलं माणूस खोकत नव्हतं. सावकाश, गोड, वर चढत जाणारी. यांनी हिशोब मांडला, की माणसं श्वास धरून बसलीत म्हणजे राजकन्या नटूनथटून आली असणार. मग परण्या त्याच चालीवर काढायचं ठरलं.

मला हे सगळं मागाहून कळलं.

परण्याच्या दिवशी मी बायकांच्या घोळक्यात मागं होते. नवरदेव घोड्यावर बसला, अप्पांनी फेट्याचा तुरा नीट केला आणि यांनी क्लॅरनेट ओठाला लावलं. दोन-चार सूर निघाले आणि मी चाल ओळखली. राजा मरतो तेव्हाचं वाजवणं! सेनापती पाठीत तलवार खुपसतो, राजा पायरीवर बसतो आणि मरतो. कुणी रडत नाही, कुणी बोलत नाही, नुसतं हेच वाजत राहतं. आणि आमचा शहाणा माणूस ते गाल फुगवून, डोळे मिटून, नवरदेवाच्या पुढं वाजवत होता. वाजवलं तर इतकं सुरेख, की काय सांगू!

पोरांनी लगेच ओळखलं. "आरं, राजा मेला की!" एकजण ओरडला. हशा पिकला. नवरदेवाच्या आईनं तोंडाला पदर लावला. अप्पा लालबुंद झाले. पण ते काही बोलायच्या आत मशीद आली. मशिदीपुढून जाताना वाजंत्री बंद ठेवायची असा तेव्हा दंडकच होता आणि अमीनसाहेबांचा, म्हणजे फौजदाराचा, जवान काठी घेऊन उभाच असायचा. चाल अर्धी तोडून बँड गप्प झाला. चावडी येईपर्यंत सगळ्यांनी मुकाट चालायचं.

तेवढीच वाट हातात होती. मी पदर डोक्यावरून ओढला आणि बायकांतून निघून तरातरा पुढं बँडमध्ये गेले. मागून कुणीतरी "आता गं बया!" म्हणालं. म्हणू दे.

"अवो, हे मरणाचं हाय," मी हळू म्हणाले. "राजा मरतोय तवाचं."

यांचा चेहरा असा उतरला की मला त्या शपथेचा, त्या तंबूचा, सगळ्याचाच राग आला. मी म्हणाले, "गेला तो गेला. म्होरलं ऐका. राणी पोराला घेऊन घोड्यावर पळतीय."

यांनी क्लॅरनेटची पत्ती ओठांनी ओली केली. मग विचारलं, "रात हाय का दिस?"

"रात. आडवी नदी हाय."

"पाणी किती?"

"घोड्याच्या पोटाला लागतंय."

"मागं कुणी हाय का?"

"सेनापतीची माणसं. दूर हायती अजून."

यांनी ताशेवाल्याला नुसती मान हलवली. चावडी आली आणि यांनी उचललं ते घोड्याची टाप घेऊनच. मी शेजारून चालतेय, सांगतेय, आणि हे माझ्या तोंडाकडं बघत वाजवतायत. पोर मोठं झालं. किल्ल्याचं दार लागलं. तटावर दोर टाकला. तलवारीला तलवार भिडली. माझं एक वाक्य, की त्यांचा एक पलटा. पोरं घोड्यापुढं नाचायला लागली, अप्पांनी स्वतःचा फेटा उडवला. "हेच की! हेच त्या सिनेमातलं!" ते सगळ्यांना सांगत सुटले.

त्यातला एक सूरही सिनेमातला नव्हता. मला ठाऊक, मी दोनदा पाहिलेला.

सोलापूरचा बँड आला नाही. घरी आल्यावर यांनी एवढंच विचारलं, "ते मरणाचं वाजतंय तवा आत कसं वाटतंय?"

"कुणी रडत न्हाय. राणीबी न्हाय."

"लई चांगलं बांधलंय," हे म्हणाले. बोलत्या सिनेमाबद्दल त्यांच्या तोंडून चांगला शब्द मी तेव्हाच ऐकला. त्यानंतर ती चाल त्यांनी कधी वाजवली नाही. अभद्र म्हणून घरात गुणगुणूही दिली नाही.

ते गेले तेव्हा निजाम जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. म्हातारं माणूस वाजतगाजत न्यायची आमच्याकडं रीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेला गडी क्लॅरनेट घेऊन दारात आला, म्हणाला, "अव्वा, काय वाजवू?" मी ती चाल सांगितली. त्याला माहीत नव्हती. तो सिनेमा गेला, ते बँडवाले गेले, आता ती फक्त माझ्याकडं होती. मग उंबऱ्यात उभी राहून मी ती म्हणून दाखवली. माझा आवाज म्हणजे फुटकी घागर, पण गडी कानाचा पक्का. मशिदीपाशी तुटली होती तिथवरच मला येत होती; तेवढी त्यानं घेतली आणि थांबला.

"म्होरं काय, अव्वा?"

"म्होरं राणी रडत न्हाय," मी म्हणाले. "तेवढं वाजव."

त्यानं वाजवलं. सिनेमातल्या राणीला कसं जमलं कोण जाणे, मी मात्र ढसाढसा रडले.