टपालाच्या वेळेला

लढाईच्या दिवसांत धुळ्याला आमच्या गल्लीतल्या विहिरीवर शेजारची एक बाई रोज दिसे. तिचा मुलगा फौजेत होता आणि बरेच दिवस त्याचे पत्र नव्हते. टपालाची वेळ झाली की ती पदर खोचून दोर हाती घेई आणि साऱ्या बायकांच्या घागरी भरून देई.

"जरा दम खा," मी म्हटले.

"बसनू का छाती धडधड करस, अक्का. दोर वढा का तिले काम भेटस."

उंबऱ्यावर बसून झुरणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या. हिची भूक शाबूत होती आणि पाठ ताठ. ही आमच्या गल्लीतली, असे मी पाहुण्यांना मुद्दाम सांगे.

एकदा पोस्टमन मान खाली घालून घाईने पुढे निघाला. तिनेच त्याला हाक मारली.

"तोंड कसाले लपाडस, भाऊ? पाणी पी. कागद आज नही ते सकाय ली ये."